साडेसहा ते पावणेसात

“काका, किती हाका मारून ओ आली नाही म्हणजे बोंब ठोकायची, ते तुम्हीच सांगा,” मिनल म्हणाली आणि तिने कीबोर्ड धम्मानंदपुढे सरकवला.

धम्मानंद रामटेके कीबोर्डकडे नुसता बघत राहिला. बावीस वर्षं तो इतवारीच्या गल्ल्यांमधून वायरी ओढत होता. आधी टीव्हीच्या, मग इंटरनेटच्या. कुठल्या गच्चीवर माकडं येतात आणि कुठल्या गच्चीवरचा शेठ शिडी लावू देत नाही, हे त्याला पाठ होतं. पण राउटरच्या आत शिरून त्याला हुकूम सोडायची वेळ कधी आली नव्हती. ते काम इंजिनिअर लोकांचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मिनलला ते मान्य नव्हतं. ही सव्वीस वर्षांची मुलगी कंपनीची एकुलती एक इंजिनिअर होती. कंपनी म्हणजे तरी काय, मिरचीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली पोती उघडली की वर सगळे शिंकायचे. तिथेच, कपाटाशेजारी, नवा राउटर बसवला होता आणि त्याला आता गल्लोगल्लीच्या पेट्यांवर लक्ष ठेवायला शिकवायचं होतं.

प्रत्येक गल्लीत कंपनीची एक पेटी होती. ऑफिसातून निघालेली वायर त्या पेटीत शिरायची आणि तिथून वीस-पंचवीस दुकानांना फुटायची. अशा एकतीस पेट्या. राउटरने दर मिनिटाला प्रत्येक पेटीला हाक मारायची, पेटीने ओ द्यायची. ओ उशिरा आली तर पडद्यावर पिवळा ठिपका, आलीच नाही तर लाल ठिपका आणि धम्मानंदच्या मोबाइलवर संदेश. शाळेतल्या हजेरीसारखंच, फक्त मास्तर कधी दमत नाही.

“तीन हाका,” धम्मानंद विचार करून म्हणाला. “एका हाकेत तं माणूसही ओ देत नाही, मॅडम. कधी तोंडात घास राहते, कधी न्हाणीत राहते.”

मिनल हसली. “टाका मग तीन. तिथं, त्या चौकोनात.”

धम्मानंदने एका बोटाने तीनचा आकडा दाबला. काही स्फोट झाला नाही. त्याला बरं वाटलं.

“आता आठवडाभर फक्त बघायचं,” मिनल म्हणाली. “रोजचं कसं असतं ते कळल्याशिवाय बिघडलं कधी म्हणायचं, ते कसं ठरवणार? पुढच्या सोमवारी तुमचा नंबर टाकू.”

पुढच्या सोमवारी तिने पडद्यावर एकतीस पेट्यांच्या आठवडाभराच्या हजेरीच्या रेघा उघडल्या. बहुतेक सरळ होत्या. कुठे दुपारची वीज गेल्याची खाच, कुठे उंदराने वायर कुरतडल्याची. चौदा नंबरच्या रेघेवर मात्र ती थांबली.

“हे बघा काका. सोमवारी साडेसहाला बंद, पावणेसातला चालू. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. शनिवारपर्यंत रोज. रविवारी काहीच नाही.”

धम्मानंदचे कान तापले. चौदा नंबर म्हणजे भांड्यांच्या दुकानवाल्या केशवभाऊंची गल्ली. केशवभाऊ गेले कित्येक महिने संध्याकाळी फोन करून ओरडत होते, की ऐन गिऱ्हाइकीत नेट जाते आणि बिलाचं मशीन ठप्प होते. धम्मानंद हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत पोहोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असायचं. शेवटी त्याने त्यांना सांगून टाकलं होतं, की तुमचं मशीनच म्हातारं झालं. माणूस खरं बोलत होता आणि आपण त्याला वेड्यात काढलं, हे त्याला फार लागलं.

“कोणीतरी बटण बंद करून राहिलं,” मिनल म्हणाली. “पेटी आहे कोणाकडे?”

पेटी होती तितरमाऱ्यांकडे. पेटीला चोवीस तास वीज लागते, म्हणून गल्लीतल्या एखाद्या घरात प्लग मागायचा आणि त्या घराला नेट फुकट द्यायचं, ही कंपनीची जुनी रीत. दुकानात पेटी ठेवून भागत नाही. दुकानदार रात्री शटर ओढतो तो मेन स्विच पाडूनच. आणि त्या गल्लीत आता राहतं घर एकच उरलं होतं, केशवभाऊंच्या दुकानावरच्या मागच्या खोलीत, मागच्या बोळातून लाकडी जिन्याने वर.

“मग त्यांना स्पष्ट सांगा. पुन्हा बटणाला हात लावला तर फुकटचं नेट बंद,” मिनल म्हणाली. ती दुष्ट नव्हती, पण बावीस दुकानांच्या शिव्या तिला खायच्या होत्या. तिने धम्मानंदचा नंबर राउटरमध्ये टाकला आणि त्याला पाठवून दिलं.

सव्वासहाला धम्मानंद तो जिना चढला. रुख्मिणीबाई परातीत तांदूळ निवडत बसली होती. खाटेवर तिचा नवरा बाबाराव. हा माणूस चाळीस वर्षं इतवारीत ठेला ओढत होता. आता साखरेच्या आजाराने दोन्ही डोळे नेले होते आणि पायांतलं बळही. खोली एवढीशी, पण लख्ख. भिंतीवर पेटी, तिचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

“ये गा धम्मा, बैस,” रुख्मिणीबाई म्हणाली. “कोठी बिघडलं?”

“इथंच बिघडलं म्हणते, मावशी. साडेसहाले कोणी पेटी बंद करते का?”

“नाई गा! आमी काहून बंद करू?” ती इतक्या घाईने म्हणाली की परातीतले तांदूळ सांडले. “लाइट जात असंन.”

धम्मानंद पाणी प्यायला, बसून राहिला. रुख्मिणीबाईने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, “खाली केशवभाऊकडे जाऊन पाह्य ना, तेथी काई असंन.” धम्मानंद हलला नाही. त्याला स्वतःचाच राग येत होता. म्हाताऱ्या बाईला चोरासारखं पकडायला बसलोय असं वाटत होतं.

साडेसहा झाले. खाटेवरून आवाज आला, “रुखमे, वेळ झाली ना वं?”

“आज नाई येत कार्यक्रम.”

“काहून? आज इतवार आहे का?”

बाबारावाचा हात उशीजवळ चाचपडू लागला आणि तिथल्या जुन्या रेडिओवर येऊन थांबला. त्याने स्वतःच बटण फिरवलं. रेडिओतून नुसती किर्र अशी कर्कश शिट्टी उमटली. आत कोणीतरी बोलत होतं, पण शब्द कळत नव्हता. बाबाराव कान लावून चाकी एक केस इकडे, एक केस तिकडे करत राहिला.

रुख्मिणीबाईने धम्मानंदकडे पाहिलं. मग ती उठली आणि त्याच्यादेखत पेटीचं बटण खाली पाडलं.

हिरवे दिवे विझले. शिट्टी गेली, आणि खोलीत एका माणसाचा संथ, स्वच्छ आवाज आला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता. धानावर तुडतुडे पडलेत, बांधीतलं पाणी काढून टाका, असं काहीसं तो सांगत होता.

“मी काय म्हणलो होतो!” बाबाराव कोणाला तरी म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “पाणी काढाच लागते पह्यले. नाईतं सारं धान जळते.”

बाबाराव मूळचा कुहीकडच्या खेड्यातला. विशीत नागपूरला आला, तेव्हापासून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाय टाकला नव्हता. त्याआधी टाकला तोही दुसऱ्याच्याच. स्वतःची एक बांधीसुद्धा कधी नव्हती. तरी तो रेडिओवाल्याशी असा बोलत होता, जसं उद्या सकाळी त्यालाच जाऊन पाणी काढायचं आहे.

तेवढ्यात धम्मानंदच्या खिशात मोबाइल थरथरला. त्याने काढून पाहिला. राउटरने इमानेइतबारे पाठवलेला पहिला संदेश होता: चौदा नंबर बंद. धम्मानंदने मोबाइल पुन्हा खिशात घातला आणि पावणेसातपर्यंत धानाचं ऐकत बसला.

कार्यक्रम संपताच रुख्मिणीबाईने बटण चालू केलं आणि ती त्याच्या मागोमाग जिन्यात आली.

“ते पेटी लागली तवापासून रेडिओ असा बोंबलते,” ती हळू आवाजात म्हणाली. “यायले दिसत नाई, चालता येत नाई. दिवसभरात त्या पंधरा मिन्टाची वाट पाह्यतेत. अन् मी... आठ वाजता गोपिकेचा फोन येते रायपूरहून. तिचं तोंड दिसते मोबाइलमंधी. लेकीले भेटून तीन वर्सं झाले, धम्मा. तू पेटी नेली तं मले ते तोंड दिसनार नाई. ठेवली तं यायचा रेडिओ जाते. म्हून पंधरा मिन्ट चोरले. मले माफ कर, पन पेटी नको नेऊ.”

“नाही नेत, मावशी,” धम्मानंद म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या सोडून खाली उतरला.

पुढचे आठ दिवस त्याने सगळे उपाय करून पाहिले. पेटीचा अडाप्टर बदलला. वायरीला लोहचुंबकाचं कडं घातलं. पेटी जिन्यात नेऊन टांगली. शिट्टी जरा बारीक झाली, गेली नाही. मग त्याला शक्कल सुचली, आणि त्याने तोच कार्यक्रम मोबाइलवर लावून बाबारावाच्या हातात दिला.

बाबारावाने मोबाइल मागून-पुढून चाचपला. “याची चाकी कोठी आहे?”

“चाकी नसते, काका. काचेवरच बोट लावायचं.”

“कोठी लावू? सारी तं सपाट आहे.” त्याचं बोट कुठेतरी लागलं, आवाज बंद झाला. त्याने निमूट मोबाइल परत केला. “नाई गा. रेडिओ मी माया हातानं लावतो.”

धम्मानंदला कळलं. या घरात बाकी सगळं त्याच्यासाठी दुसरं कोणीतरी करत होतं. पाणी तोंडाशी दुसरं कोणी धरायचं, सदऱ्याची बटणं दुसरं कोणी लावायचं. ती एक चाकीच तो स्वतः फिरवत होता.

मिनलने शिकवताना एक गोष्ट सांगितली होती. एखाद्या पेटीचं काम आपणच काढलं असेल, तर तेवढ्या वेळेपुरतं राउटरला गप्प बसवता येतं. त्या दुपारी ती जेवायला गेल्यावर धम्मानंद खुर्चीवर बसला आणि एका बोटाने टाकत गेला. पेटी चौदा. सोमवार ते शनिवार. साडेसहा ते पावणेसात. राउटरने कारण विचारलं. ते भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. धम्मानंदने बराच वेळ विचार केला. काहीबाही ठोकून द्यावं असंही मनात आलं. पण बोट वळेना. शेवटी त्याने लिहिलं: बाबाराव तितरमारे यांचा रेडिओ.

राउटर गप्प बसला, पण केशवभाऊंना कोण गप्प बसवणार? धम्मानंद त्यांच्या दुकानात गेला आणि आधी हात जोडले.

“भाऊ, तुमचं मशीन चांगलं होतं. चूक माही होती. अन् आता आणखी एक सांगतो. रोज साडेसहाले पंधरा मिनिटं नेट बंदच राहीन.”

“वा रे वा!” केशवभाऊंनी हातातला तांब्या दणकन ठेवला. “म्हणजे आता सांगून बंद करून राहिले? कोणाच्या बापाची पेटी आहे?”

धम्मानंदने सगळं सांगितलं. केशवभाऊ ऐकता ऐकता स्टुलावर बसले.

“बाबाराव? ठेलेवाला बाबाराव?” ते म्हणाले. “इथं वरतीच आहे अजून? मले वाटलं गावाले गेला.” मग बराच वेळ ते छताकडे बघत होते, जणू तिथून खाट दिसणार होती. “या दुकानातली एकूण एक परात त्यानं वाहून आणली, धम्मा. पिताजीच्या टाइमपासून. अन् मले माहीत नाही तो माया डोक्यावर आंधळा होऊन पडला आहे.”

“मंग नेटचं?”

“बिल हातानं फाडतो. बाकीच्यांना मी पाहून घेतो. तू जा.”

मिनलला महिनाअखेरीस कळलं. चौदा नंबरच्या रेघेतल्या खाचा तशाच, आणि एकही लाल ठिपका नाही. तिने शोधलं तर ती नोंद सापडली. तिने ती दोनदा वाचली.

“काका, हा रेडिओ काय प्रकार आहे?”

धम्मानंदने उभ्या उभ्या सांगितलं. शाळेत उलट्या हातावर छडी घ्यायला उभा राहायचा तसा. मिनलने मधे एकदाही टोकलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, “तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं.”

“हो, मॅडम. पाहिजे होतं.”

“आपले कंपनीचे शेठ पण रिपोर्ट बघतात.” तिने काहीतरी टाइप केलं. “ही पंधरा मिनिटं मी हिशोबातून वगळली आहेत. आता राहू द्या.”

राहिली. श्रावण गेला, दिवाळी झाली. एकतीस पेट्यांपैकी चौदा नंबरची रेघ धम्मानंदला ओळखीची झाली. साडेसहाला खाच पडली की त्याला वाटायचं, चला, म्हातारा बसला ऐकत. कामात असला तरी एकदा डोकावून बघायचा. घरी बायकोलाही सांगायचा, की आज गव्हाचं असंन. वर खोलीतही त्याचं जाणं वाढलं होतं. बाबाराव आता त्याच्या पावलावरून त्याला ओळखायचा आणि धानाचं सांगायचा, ज्यातलं धम्मानंदला ओ की ठो कळत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका बुधवारी मिनल खुशीत म्हणाली, “काका, या इकडे! आज चौदा नंबरला खाचच नाही. पावणेसात वाजले, रेघ अजून सरळ. शेवटी सापडला ना तुम्हाला उपाय?”

धम्मानंद पडद्याजवळ आला. रेघ खरंच सरळ होती. एकतीस पेट्यांत सगळ्यांत सुंदर. त्याने बोट ठेवून सहा एकतीस पाहिलं, सहा पस्तीस पाहिलं, सहा चाळीस पाहिलं. बुधवारच होता, रविवार नव्हता.

“मॅडम, मी जाऊन येतो,” तो म्हणाला. मिनलचा चेहरा बघता बघता उतरला.

केशवभाऊंनी शटर अर्धं ओढलं होतं. ते पायरीवर उभे होते. “चार वाजता गेला,” ते म्हणाले. “झोपेतच.”

वर बायका बसल्या होत्या. गोपिका रायपूरहून निघाली होती. खाटेवरचा बाबाराव आता जमिनीवर होता, आणि भिंतीवर पेटीचे हिरवे दिवे आपले लुकलुकत होते. रुख्मिणीबाईने धम्मानंदला पाहिलं. रडून तिचा आवाज गेला होता.

“आज बंद नाई केलं, धम्मा,” ती म्हणाली.

धम्मानंद जिन्यात आला आणि कठड्याला धरून रडला. ना नात्याचा, ना गोत्याचा माणूस. पण रडायला आलं आणि त्याने येऊ दिलं.

तेरा दिवस चौदा नंबरची रेघ एकदाही वाकली नाही. गोपिकेने आईला सोबत न्यायचा फार आग्रह केला. रुख्मिणीबाई गेली नाही. तेरवी आटोपली, लेक परतली. चौदाव्या दिवशी दुपारी मिनल पडद्याकडे बघत, धम्मानंदकडे न बघता म्हणाली, “काका, ती रेडिओची नोंद... ठेवायची का अजून?”

“नाही. काढतो,” धम्मानंद म्हणाला. काढायलाच हवी होती. त्याने ती उघडली. बाबाराव तितरमारे यांचा रेडिओ. खालचं बटण दाबायला त्याला थोडा वेळ लागला, पण त्याने दाबलं. नोंद गेली.

संध्याकाळी तो खुर्चीत बसून वायरीची टोकं सोलत होता. सहा तेहतीस झाले होते. खिशात मोबाइल थरथरला.

चौदा नंबर बंद.

वीज गेली असणार, असं म्हणून त्याने केशवभाऊंना फोन लावला. “भाऊ, लाइट आहे का तुमच्याकडे?”

“आहे ना.”

“मंग पेटी काहून बंद आहे?”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला, बहुतेक केशवभाऊंनीच हाताने कोणाला तरी थांबवलं. मग ते अगदी हळू म्हणाले, “वरून आवाज येऊन राहिला, धम्मा. रेडिओचा. हरभऱ्यावरच्या अळीचं सांगून राहिला तो.” थोड्या वेळाने म्हणाले, “एकटीच आहे वर.”

धम्मानंदने फोन ठेवला. मिनल आपल्या जागेवरून बघत होती. तो कीबोर्डपुढे बसला आणि एका बोटाने टाकू लागला. पेटी चौदा. सोमवार ते शनिवार. साडेसहा ते पावणेसात. राउटरने कारण विचारलं. त्याने लिहिलं: रुख्मिणीबाई तितरमारे यांचा रेडिओ.

कोणत्या तारखेपर्यंत, असंही एक भरायचं घर होतं. ते त्याने रिकामं ठेवलं.

मग दोघंही पडद्याकडे बघत बसले. पावणेसातला चौदा नंबरने ओ दिली, आणि धम्मानंदने पुन्हा वायर सोलायला घेतली.